गरोदरपणात घरचा कुत्रा : भीती किती, काळजी कोणती?

गेल्या महिन्यात या सदरासाठी चिकलठाण्याहून एका सासूबाईंचे पत्र आले. मजकूर थोडक्यात असा : ‘‘सुनेला पाचवा महिना चालू आहे. घरात दीड वर्षाचा कुत्रा आहे. तो फार मस्तीखोर आहे, दार उघडले की थेट अंगावर उडी घेतो. शेजारच्या बायका म्हणतात, कुत्रा सोडून द्या, केस पोटात गेले तर बाळाला दमा होईल. मुलगा ऐकत नाही. सून रडते. काय करावे?’’

हा प्रश्न एका घरापुरता नाही. माझ्या दवाखान्यातही तो अनेकदा येतो. पूर्वी चिकलठाणा हे शेतीवाडीचे गाव होते, तेव्हा कुत्रा वाड्याबाहेर किंवा शेतात राखणीला असे. आता जालना रोडच्या दोन्ही अंगांना वसाहती झाल्या, दोन-तीन खोल्यांची घरे आणि फ्लॅट झाले, आणि कुत्रा घरात आला. नवरा एमआयडीसीत पाळीवर, सासरे बाहेर, आणि दिवसभर घरात दोघेच : गर्भवती सून आणि साखळीला बांधलेला तरुण कुत्रा. अशा घरात काळजी घ्यायलाच हवी. पण काळजी कशाची घ्यायची हे नीट कळले पाहिजे, नाहीतर माणूस केसाला घाबरतो आणि निसरड्या फरशीकडे पाहत नाही.

आधीच सांगतो. निरोगी, लस दिलेला कुत्रा घरात आहे एवढ्यावरून गर्भाला धोका होत नाही. त्याला घालवून देण्याची गरज नाही. मात्र तो ज्या पद्धतीने घरात वावरतो, ती पद्धत बदलावी लागते. हा बदल सुनेने एकटीने करायचा नसून घरातल्या सगळ्यांनी करायचा आहे.

गैरसमज कोणते?

केस पोटात गेल्याने गर्भातल्या बाळाला दमा होत नाही. गिळलेला केस अन्नमार्गातून जसाच्या तसा बाहेर पडतो, तो गर्भपिशवीपर्यंत पोहोचण्याचा मार्गच नाही. ज्या स्त्रीला स्वतःलाच दमा किंवा ॲलर्जी आहे आणि कुत्र्याजवळ गेल्यावर शिंका, खोकला, धाप वाढते, तिची गोष्ट वेगळी. तिने कुत्र्याला झोपण्याच्या खोलीत येऊ देऊ नये आणि डॉक्टरांना तसे सांगावे. गरोदरपणात दम्याची औषधे स्वतःहून बंद करणे मात्र धोक्याचे आहे.

दुसरी भीती टॉक्सोप्लाझ्मा या रोगाची. या रोगाने गर्भपात होऊ शकतो, बाळाच्या मेंदूला व डोळ्यांना इजा होऊ शकते, हे खरे. पण या जंतूची अंडी मांजरवर्गातील प्राण्यांच्या विष्ठेतून पडतात, कुत्र्याच्या नाही. मांजराने घाण केलेली माती, न धुतलेली भाजी आणि कच्चे राहिलेले मटण यांतून तो पसरतो. म्हणून मटण नीट शिजवा, भाजी धुऊन घ्या, बागेतल्या मातीत हात घालायचा तर हातमोजे घाला. कुत्र्याला त्याबद्दल दोष देऊ नका.

कुत्र्याच्या भुंकण्याने बाळाला व्यंग येते, कुत्र्याने पोटाला तोंड लावले तर बाळ दचकून रडके होते, असल्या समजुतींना काहीही आधार नाही. कुत्र्याचे नाक फार तीक्ष्ण असते. गरोदरपणात शरीराचा वास, चाल, दिनक्रम हे सगळे बदलते. त्यामुळे काही कुत्रे घरधनिणीच्या मागेमागे राहू लागतात. त्यात शकुन-अपशकुन काही नाही.

खरा धोका : पडणे आणि पोटावर धक्का

मस्तीखोर कुत्र्यापासून गर्भवतीला सर्वांत मोठा धोका रोगाचा नसून पडण्याचा आहे. पोट वाढू लागले की शरीराचा तोल पुढे झुकतो. संप्रेरकांमुळे सांध्यांचे बंध थोडे सैल होतात. सातव्या-आठव्या महिन्यात तर स्वतःच्या पायाजवळ काय आहे हे दिसतही नाही. अशा वेळी वीस-पंचवीस किलोचा कुत्रा धावत येऊन आदळला, जिन्यात पायांत घुटमळला किंवा दुसरा कुत्रा पाहून साखळीला हिसका दिला, तर सावरणे कठीण जाते.

पहिल्या तीन महिन्यांत गर्भपिशवी ओटीपोटाच्या हाडांच्या आड असते, त्यामुळे बाहेरच्या धक्क्यापासून ती बरीच सुरक्षित असते. पुढेही बाळ गर्भजलात तरंगत असल्याने छोटा धक्का त्याला पोहोचत नाही. कुत्र्याने पाय टेकले, डोके घासले एवढ्याने घाबरून रात्रभर जागू नका. परंतु पाचव्या महिन्यानंतर पोटावर जोराचा मार बसला तर वार गर्भपिशवीपासून सुटू शकते. बाळाला प्राणवायू वारेतूनच मिळतो, म्हणून हा प्रसंग बाळाच्या जिवावरचा असतो. कधीकधी रक्त बाहेर न येता आतच साचते. म्हणजे रक्त दिसले नाही म्हणून सगळे ठीक आहे असे समजता येत नाही.

पडल्यावर किंवा पोटावर जोराचा धक्का बसल्यावर पुढीलपैकी काहीही झाले तर ताबडतोब रुग्णालयात जा : अंगावरून रक्त जाणे, पाणी जाणे, पोटात सतत किंवा राहून राहून दुखणे, पोट दगडासारखे कडक होणे, बाळाची हालचाल कमी होणे, चक्कर येणे. पाचव्या महिन्यानंतर धक्का जोराचा असेल तर यातले काही नसतानाही जा. तेथे काही तास देखरेखीखाली ठेवून बाळाचे ठोके पाहतात. वाहन नसेल तर 108 क्रमांकाला फोन करा. घरी पोट चोळणे, शेक देणे, ‘‘थोडं पडून रहा, थांबेल’’ म्हणणे टाळा.

आणखी एक गोष्ट बहुतेक घरांत माहीत नसते. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल, तर पोटावरच्या अशा मारानंतर 72 तासांच्या आत अँटी-डी नावाचे इंजेक्शन घ्यावे लागू शकते. बाळाचे रक्त आईच्या रक्तात मिसळले तर ती प्रतिद्रव्ये तयार करते आणि ती या किंवा पुढच्या बाळाला त्रास देऊ शकतात. हे इंजेक्शन ते टाळते. रक्तगट माता व बाल संरक्षण कार्डावर लिहिलेला असतो. ते कार्ड कपाटात तळाशी न ठेवता हाताशी ठेवा.

अंगावर उडी मारण्याची सवय कशी मोडायची?

कुत्र्याची पिल्ले आईचे तोंड चाटून तिचे स्वागत करतात. आपले तोंड उंचावर, म्हणून तो उडी मारतो. त्याच्या मनात प्रेमच असते. आपण हाताने ढकलतो, ओरडतो, तेव्हा त्याला वाटते खेळ सुरू झाला, आणि तो आणखी चेकाळतो. काठीने मारले तर तो भितो, आणि भ्यालेला कुत्रा चावण्याची शक्यता अधिक.

उपाय साधा आहे, पण चिकाटीचा आहे. त्याने उडी घेतली की बोलू नका, त्याच्याकडे पाहू नका, हात छातीशी घेऊन पाठ फिरवा. चारही पाय जमिनीवर टेकले की त्याच क्षणी शाबासकी द्या, भाकरीचा तुकडा द्या. सोबत ‘‘बस’’ हा शब्द शिकवा. बसलेला कुत्रा उडी मारू शकत नाही. पाच-पाच मिनिटे दिवसातून तीन-चार वेळा असे केले तर काही आठवड्यांत फरक दिसतो. हे शिकवण्याचे काम नवऱ्याने किंवा दिराने करावे. कुत्रा पक्का शिकल्यावर मग सुनेने समोर यावे, तेही पहिल्यांदा कुत्र्याच्या गळ्यात पट्टा आणि दोरी दुसऱ्याच्या हातात असताना.

येथे बहुतेक घरे एक चूक करतात. सून पाठ फिरवते आणि संध्याकाळी नवरा पाळीवरून आला की ‘‘ये रे ये’’ म्हणत त्याला छातीवर उड्या मारू देतो. मग कुत्र्याने काय शिकायचे? घरातल्या एकाने जरी उडीचे लाड केले, तरी बाकीच्यांची मेहनत वाया जाते.

कुत्र्याची रग जिरवा

सहा महिन्यांपासून दोन-अडीच वर्षांपर्यंतचा कुत्रा म्हणजे ऐन अंगातली रग. त्याला दिवसभर दोन हात साखळीवर बांधून ठेवले आणि संध्याकाळी सोडले, तर तो घरभर उधळणारच. पाहुण्यांना तो ‘पिसाळल्यासारखा’ वाटतो, पण तो फक्त कंटाळलेला असतो. आपल्या मराठवाड्यात कारवानी, पश्मी हे चपळ शिकारी कुत्रे पूर्वीपासून पाळले जातात. तसला कुत्रा तर रानात धावण्यासाठीच घडलेला. त्याला खोलीत कोंडणे म्हणजे त्याच्यावर आणि आपल्यावरही अन्याय.

सकाळी लवकर आणि संध्याकाळी, प्रत्येकी पाऊण तास त्याला चांगले चालवून-पळवून आणा. उन्हाळ्यात दुपारी नेऊ नका, डांबराने त्याचे पंजे भाजतात. ज्याची पहिली पाळी असेल त्याने संध्याकाळी, दुसरी असेल त्याने सकाळी, असे घरात वाटून घ्या. ज्या दिवशी कोणीच नसेल त्या दिवशी भाकरीचे तुकडे पोत्याच्या घडीत, खोक्यात लपवून त्याला हुडकायला लावा. नाकाने शोध घेण्याच्या कामाने कुत्रा धावण्याइतकाच दमतो. शिजवलेली हाडे मात्र देऊ नका, त्यांची टोकदार कुसळे घशात अडकतात.

गर्भवतीने कुत्र्याला फिरवायला न्यावे का? कुत्रा शांत असेल, ओढत नसेल, तर सहाव्या महिन्यापर्यंत सोबत कोणीतरी घेऊन जायला हरकत नाही. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली नसेल तर रोज अर्धा तास चालणे तिला चांगलेच असते. पण साखळी मनगटाला कधीही गुंडाळू नये. हिसका बसला तर ती सोडून देता आली पाहिजे. वाटेत मोकाट कुत्री भिडली तर भांडण सोडवायला जाऊ नका. साखळी सोडा आणि मागे व्हा. ओढणारा, दांडगा कुत्रा असेल तर गर्भवतीने त्याला बाहेर नेऊच नये. त्याला उचलणे, अंघोळ घालणे ही कामेही दुसऱ्यांकडे द्यावीत.

घरातही थोडे बदल करा. जिन्याच्या तोंडाशी फळी किंवा जाळीचे दार लावा. कुत्र्याचे पाण्याचे भांडे येण्याजाण्याच्या वाटेत ठेवू नका. फरशीवर पाणी किंवा मूत सांडले असेल तर लगेच पुसून घ्या. रात्री लघवीला उठताना दिवा लावल्याशिवाय पाऊल टाकू नका, कारण काळोखात वाटेत कुत्रा झोपलेला असतो.

रोगांपासून बचाव

कुत्र्यापासून होणारे काही आजार खरे आहेत आणि ते टाळणे सोपे आहे.

जंत : कुत्र्याच्या विष्ठेतून जंतांची अंडी पडतात. ताज्या विष्ठेतील अंडी लगेच बाधा करीत नाहीत. मातीत दोन-चार आठवडे राहिल्यावर ती बाधक होतात. म्हणून अंगणातली घाण रोजच्या रोज उचलली तर निम्मे काम होते. हे काम गर्भवतीने करू नये. मोठ्या कुत्र्याला दर तीन महिन्यांनी जंताचे औषध द्यावे. लहान पिल्लांत जंत फार असतात. ते आईच्या पोटातूनच घेऊन येतात. म्हणून गरोदरपणात हौसेने नवे पिल्लू घरात आणू नका.

लेप्टोस्पायरा : हा जंतू उंदीर, जनावरे आणि कुत्रे यांच्या मुतातून पसरतो आणि ओल्या जागी जगतो. पावसाळ्यात सुखना नदीच्या काठच्या वस्त्यांत चिखल साचतो, तेथे अनवाणी चालू नये. पायाला जखम असेल तर अधिक जपावे. कुत्र्याला दरवर्षी द्यायच्या एकत्रित लसीत याचीही लस असते.

गोचीड : गोचीड बोटाने चिरडू नका, चिमट्याने काढा. गुरांसाठी आणलेले गोचिडाचे विषारी औषध कुत्र्याला लावण्याची आपल्याकडे पद्धत आहे. गर्भवतीने त्या औषधाला हात लावू नये, आणि औषध लावलेल्या कुत्र्याला पूर्ण वाळेपर्यंत जवळ घेऊ नये. कुत्र्याला कोणते औषध किती लावायचे ते पशुवैद्यकांनाच विचारा.

व्यायलेली किंवा गाभडलेली कुत्री घरात असेल तर तिच्या विटाळाला, वारेला गर्भवतीने हात लावू नये. कुत्र्याला हाताळल्यावर, विशेषतः स्वयंपाक आणि जेवणापूर्वी, साबणाने हात धुवावेत. तोंड चाटू देऊ नये. कुत्र्याला कच्चे मांस घालू नये.

चावला किंवा नखे लागली तर

आता सर्वांत महत्त्वाचे. पिसाळी म्हणजे रेबीज हा रोग एकदा अंगात उमटला की जवळजवळ नेहमीच जीव घेतो. पण वेळेवर लस घेतली तर तो टाळता येतो. आणि नेमक्या या बाबतीत गर्भवतीच्या घरचे लोक थांबतात. ‘‘पोटात बाळ आहे, इंजेक्शन बाधेल,’’ म्हणून बाळंतपण होईपर्यंत लस लांबवतात. कोणी झाडपाला बांधतो, कोणी मंत्र टाकून आणतो.

या भीतीचे मूळ मला ठाऊक आहे. मी वैद्यकीय शिक्षण घेत होतो त्या काळात बेंबीभोवती पोटात चौदा इंजेक्शने देत असत. ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली असे आणि तिचे मज्जासंस्थेवर दुष्परिणामही होत. आपल्या देशात तिचे उत्पादन 2004 च्या अखेरीस थांबले. आजची लस पेशींवर वाढवलेल्या आणि मारलेल्या विषाणूची असते. ती दंडात देतात, पोटात नाही. पाश्चर यांनी 1885 साली जोसेफ मायस्टर या मुलाला पहिली लस दिली, तेव्हापासून आजपर्यंत ती खूपच सुधारली आहे. ही लस गर्भवतीला, अंगावर पाजणाऱ्या आईला, कोणत्याही महिन्यात देता येते. पोटातल्या बाळाला धोका लसीचा नसून लस न घेण्याचा आहे.

चावल्यावर करावयाच्या गोष्टी :

एक, वाहत्या पाण्याखाली साबण लावून जखम पंधरा मिनिटे धुवा. घड्याळ लावून पंधरा मिनिटे. विषाणू जखमेतच कमी करण्याचा हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. हळद, चुना, मिरची, तेल, चहापूड काहीही लावू नका. जखम घट्ट बांधू नका.

दोन, त्याच दिवशी दवाखान्यात जा. चिकलठाण्यात जिल्हा सामान्य रुग्णालय, म्हणजे आपली ‘मिनी घाटी’, जवळ आहे. सरकारी रुग्णालयांत ही लस मोफत मिळते. नुसते ओरखडे उठले, रक्त आले नाही, तरीही लस लागते. कातडी फाटून रक्त आले असेल, किंवा उघड्या जखमेला, डोळ्याला, ओठांना लाळ लागली असेल, तर लसीबरोबर जखमेत सिरमही द्यावे लागते. धडधाकट कातडीला कुत्र्याने चाटले तर लसीची गरज नाही.

तीन, पूर्ण डोस घ्या. स्नायूतून देतात तेव्हा पहिल्या दिवसापासून मोजून 0, 3, 7, 14 आणि 28 या दिवशी. कातडीत देतात तेव्हा 0, 3, 7 आणि 28 या दिवशी. तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा. धनुर्वाताची लस या गरोदरपणात कधी घेतली तेही डॉक्टरांना सांगा.

चार, कुत्रा घरचाच असला, त्याला लस दिलेली असली, तरी लस सुरू करा आणि कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवा. तो दहा दिवस खातापिता राहिला तर पुढील डोसांचे काय करायचे ते डॉक्टर ठरवतील. कुत्र्याला मारून टाकू नका, मग तो पिसाळला होता की नाही हे कळत नाही.

घरच्या कुत्र्याला तीन महिने पूर्ण झाल्यावर रेबीजची लस टोचून घ्यावी, आणि त्यानंतर पशुवैद्यक सांगतील त्याप्रमाणे दरवर्षी. शहरात खडकेश्वरला सरकारी जनावरांचा दवाखाना आहे. सुनेला दिवस गेल्याचे कळताच कुत्र्याचे लसीचे कार्ड काढून शेवटची तारीख पाहा.

माहेराहून परत येताना

आपल्याकडे पहिल्या बाळंतपणासाठी मुलगी सातव्या महिन्यात माहेरी जाते आणि दीड-दोन महिन्यांचे बाळ घेऊन परत येते. म्हणजे चार-पाच महिने कुत्र्याला ती दिसत नाही, आणि एके दिवशी ती येते तीच एक रडणारा, दुधाचा आणि तेलाचा वास येणारा अनोळखी जीव घेऊन. उलट माहेरी कुत्रा असेल तर त्याला आता तिची सवय राहिलेली नसते. दोन्हीकडच्या मंडळींनी हे ध्यानात घ्यावे.

कुत्र्याची झोपण्याची जागा बदलायची असेल, बाळंतिणीच्या खोलीत येणे बंद करायचे असेल, तर ते ती माहेरी जाण्यापूर्वी करा. म्हणजे बाळ आले म्हणून आपल्याला हाकलले, असे त्याला वाटणार नाही. बाळ जन्मल्यावर नवऱ्याने त्याचे एखादे दुपटे घरी आणून कुत्र्याला लांबून हुंगू द्यावे. परत येण्याच्या दिवशी कुत्र्याला आधी भरपूर फिरवून आणावे. आई एकटी आत येऊन त्याला भेटेल, बाळ त्या वेळी दुसऱ्याच्या हातात असेल. नंतर दोरी धरून, दुरून, थोडा वेळ ओळख.

झोळी जमिनीलगत बांधू नका. हलणारी, आवाज करणारी वस्तू कुत्र्याला खेळण्यासारखी वाटते. आणि कुत्रा कितीही गरीब असो, बाळाला त्याच्याजवळ एक मिनिटही एकटे सोडू नका. दूध उतू जाते आहे म्हणून उठायचे असेल तर बाळ उचलून न्या किंवा दार लावून घ्या.

दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्री आणि खंडोबाबरोबर कुत्रा पाहत आपण लहानाचे मोठे झालो. घरात वाढवलेल्या मुक्या जनावराला एमआयडीसीच्या रस्त्यावर सोडून देणे आपल्याला शोभत नाही, आणि त्याने मोकाट कुत्री मात्र वाढतात. पण प्रेमापोटी डोळेझाक करणेही बरे नाही. महिनाभर मनापासून शिकवूनही कुत्रा गुरगुरत असेल, दात दाखवत असेल, पूर्वी कोणाला चावला असेल, तर पशुवैद्यकांचा सल्ला घ्या आणि बाळंतपण होऊन घर स्थिरस्थावर होईपर्यंत त्याला शेतावर किंवा नातेवाइकांकडे ठेवा. सासूबाईंनी सुनेला आणि शेजारणींना दोघींनाही हेच सांगावे. मात्र आज संध्याकाळी मुलगा घरी आला की त्याच्या हातात कुत्र्याची दोरी द्यावी आणि त्याला फिरवायला पाठवावे.